परिस्थितीचं हिरवं पेन

३ एप्रिल
दवाखान्याचे मालक उदयसिंह सरांनी इथल्या चुकांची वही माझ्याकडे सोपवली. शिवाजी पेठेत माझ्याइतका काटेकोर डॉक्टर दुसरा नाही. चुकांचे प्रकार पाडले: विसर, घाई, अज्ञान, निष्काळजीपणा. निष्काळजीपणाला लाल पेन. महिन्यात तीन लाल नोंदी झाल्या की माणूस घरी. नियम माझाच.

६ एप्रिल
सिस्टर क्रांतीनं सलाईन अर्धा तास उशिरा लावलं. म्हणे, दोन वॉर्डांत मी एकटीच हाय, सर. लाल. कारणं ऐकत बसलो तर शास्त्र बुडेल.

९ एप्रिल
डिस्चार्ज कार्डावर डाव्याऐवजी उजवा गुडघा लिहिला गेला. (माझ्याकडून.) लाईट गेली होती. पाचवा प्रकार काढावा लागला: परिस्थिती. हिरवं पेन.

१० एप्रिल
काल लाईट गेलीच नव्हती, असं क्रांतीचं म्हणणं. पण वळवाचे ढग होते.

१४ एप्रिल
तपासणीचा रिपोर्ट भलत्याच फाईलला लावला. पेठेची फुटबॉल टीम जिंकली होती, फटाके वाजत होते. हिरवं. माझ्या नोंदी दोन-दोन पानी होतात. परिस्थिती समजावून सांगायला जागा लागते.

१७ एप्रिल
क्रांती प्रत्येक पेशंटकडून आधी नाव वदवून घेते, मगच इंजेक्शन. वेळकाढूपणा. दुसरी लाल. म्हणाली, सर, घरात कमावती मी एकटीच हाय. नियम म्हणजे नियम.

१८ एप्रिल, सकाळी
राऊंड स्वतः उरकला. सहा नंबर कॉटवर विचारलं, रत्नव्वा ना? व्हय, म्हणाल्या. इन्सुलिन दिलं. एका मिनिटात काम फत्ते.

१८ एप्रिल, दुपारी
सहा नंबरवर बाळाबाई होत्या. पंख्याची हवा मिळावी म्हणून दोघींनी आपसांत कॉट बदलली होती. बाळाबाईंना शुगरच नाही. त्यांना दरदरून घाम सुटला, बोलणं अडखळलं. क्रांतीनं पाहिलं, ग्लुकोज लावलं, हात धरून बसली. मी फार घाबरलो. त्या सावरल्यावर विचारलं, व्हय का म्हणालात? तर म्हणाल्या, डॉक्टरास्नी न्हाय कसं म्हणायचं?

१८ एप्रिल, संध्याकाळी
कॉट बदलल्या तेव्हा ड्युटी क्रांतीची होती. तिसरी लाल बसते. वही उघडली. घटना तिनं आधीच लिहून ठेवलेली, वेळेसकट. नाव आणि प्रकार कोरे. म्हणाली, ते तुमीच भरा, सर.
हिरवं पेन काढलं. संपलं होतं. नऊ दिवसांत.
लाल चांगलं चालतं. माझं नाव लिहिलं.