दहापैकी नऊ

३ मार्च, सोमवार
सगळ्यात आधी उगवली ती धाकटी सून, तीही हातात मोजपट्टी घेऊन. एरवी बाईसाहेबांना माझा फोन उचलायला फुरसत नसते. मागोमाग थोरला आणि त्याची मुलगी, माझी नात. घराला रंग द्यायचाय म्हणे. किती ती काळजी माझी! कार्पेट आणि पडदे आजच गेले, धुवायला. थोरल्याला तेवढ्यात बजावून टाकलं, रंग कुठलाही द्या, पण हे घर सोडून मी कुठे जायची नाही. तो बरं म्हणाला. विषय मिटला.

७ मार्च, शुक्रवार
टेम्पो आला. सोफा, दोन्ही कपाटं, ह्यांची खुर्ची, सगळं गेलं. रंगाचे शिंतोडे नकोत म्हणून. खुर्ची कुणाकडे ठेवणार विचारलं, तर सगळे एकदम खोकायला लागले. धूळ फार.
हॉल असा घुमतोय की मी एकदा शिंकले ते चारदा ऐकू आलं. दोघं मुलगे दाराशी काहीतरी बोलत होते. नुसता गलबला. एवढं मात्र कळलं, आईला आता आरामात ठेवायचं. भरूनच आलं मला. शेजारणीला मुद्दाम दोनदा सांगितलं. ती नुसती बघत राहिली. जळते मेली.
उद्यापासून सारखं ‘काय? काय?’ विचारणं बंद. म्हातारी बहिरी झाली म्हणतील.

९ मार्च, रविवार
नात एकटीच आली. ती कानाचंच शिकते, काहीतरी लांबलचक नाव आहे त्याला. म्हणाली, आजी, तुझा कान ठीक आहे, खोली रिकामी झालीय. आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि एका शब्दाचं शेपूट पुढच्याच्या पायात अडकतं. पण त्याच खोलीत थोडा वेळ ऐकत बसलं की कान ती शेपटं आपोआप गाळायला शिकतो.
मग टेस्ट घेतली. माझी शाळा चौथीपर्यंत, पण टेस्ट म्हटलं की मला चेव येतो. तिने माझ्याकडे पाठ करून दहा शब्द म्हणायचे, मी लिहायचे. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आल्या आल्या बसले, तेव्हा सहा बरोबर. मग तिने पाव तास पेपर वाचून दाखवला आणि नवे दहा शब्द घेतले. नऊ!
दहावा मी लिहिला ‘आरामात’. तिच्या कागदावर ‘आश्रमात’. असला शब्द कुणी टेस्टमध्ये घालतं का? म्हटलं, तुझा कागद चुकलाय गं. तिने मला घट्ट धरलं, सोडेचना. डोळे लाल झाले होते. धुळीनेच.

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी चार
गादी आणि एक प्लास्टिकची खुर्ची उरलीय. रंगाऱ्याचा पत्ता नाही. रंगारी कधी वेळ पाळतात?
हॉलमध्ये बसून रोज मोठ्याने पेपर वाचते. कानाला सराव. आता घुमणं कळतसुद्धा नाही. डोळे मिटले की पडदे, सोफा, खुर्चीत हे, सगळं जागच्या जागी.

१५ मार्च, शनिवार
दोघं मुलगे येऊन गेले. मी खुर्चीत, दाराकडे पाठ. थोरला फोनवर कुणाला तरी सांगत होता, उद्या आईला घेऊन येतो, आश्रमात खिडकीजवळची खोली ठेवा.
एकेक अक्षर सुटं. मधला श्रसुद्धा.
दहापैकी दहा. नातीला सांगायचं नाही. उगाच तिला वाटेल, तिचा कागद बरोबर होता.
संकल्प मोडला. वळून विचारलंच, काय म्हणालास? म्हणाला, काही नाही गं आई, आता आरामात राहायचं. तेही स्वच्छ ऐकू आलं.
एकच पिशवी भरायला सांगितलीय. चार लुगडी, औषधं, चष्मा. ही वही मावेल.
रंग कुठला देणार ते विचारायचं राहूनच गेलं. मुलगे उद्या सकाळी दहाला येतो म्हणालेत, तेव्हा विचारेन.