आपल्यातलाच हवा

४ मार्च

टाचणी टोचली आणि कोट दुरुस्तीला घेऊन आमच्या शिवणाच्या दुकानात आलेला तरुण ओरडला – "आई गं!" आपल्या भाषेत! या परक्या शहरात आपली माणसं ती किती, आणि त्यातला एक माझ्याच टाचणीखाली! मी हसत सुटले. हसण्याच्या नादात बाही आखूड झाली.

९ मार्च

आखूड बाहीवाला परत आला. लांब करून हवी.

१३ मार्च

परत! आता म्हणे फारच लांब झाली. आई म्हणाली, "हा कोट आहे की रबर?" पडद्यामागे जाऊन पोट धरून हसले.

२० मार्च

त्याने लग्नाचं विचारलं! त्याचं विचारून व्हायच्या आधीच मी हो म्हणाले बहुतेक.

आई जन्मभर एकच घोकत आलीय – "आपल्यातलाच हवा." आपल्यातलाच आहे म्हटल्यावर तिने मिठीच मारली. मग घर विचारलं. टेकडीवरचं, डॉक्टरांचं. मिठी सुटली. "अगं, आपल्या समाजाच्या सभागृहात ते पहिल्या रांगेत बसतात, आपण खुर्च्या मांडतो. ते कसले आपल्यातले!"

रडायला हवं होतं. दिवसभर गुणगुणतेय. डोकं फिरलंय माझं!

२३ मार्च

त्याची आई आली. दुकानात! मोत्यांची माळ, हातमोजे! "मुलगी आपल्यातली आहे, गोड आहे. पण राहणीमान म्हणून काही असतं ना?" आई खाली मान घालून ऐकत होती. माझ्या तोंडाला लगाम कुठला – "तुमच्या कोटाचं अस्तर उसवलंय!"

त्यांनी वाकून पाहिलं. हातमोजे काढले, समोरची सुई उचलली. दोऱ्याचा बोटाला एक वेढा, एका हाताने गाठ, सरसर टाके, दाताने दोरा तोडला – झालं! कारखान्यात नगावर पैसे मिळणाऱ्या बायकाच असं शिवतात. आई तशीच शिवते.

आईने मान वर केली. "कुठल्या कारखान्यात होतीस गं?"

गं! मी डोळेच मिटले.

काढलेले हातमोजे पर्समध्ये टाकत त्या म्हणाल्या, "गणवेशाच्या. लग्नाआधी. आमच्या घरात कुणाला माहीत नाही." आईने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

२४ मार्च

त्यांचा फोन आला. होकार! अट एकच – लग्नानंतर मी दुकान सोडायचं नाही. "सून तिथे असली, की मला यायला कारण राहील." आई मागच्या खोलीतलं दुसरं मशीन पुसतेय.