अर्ज फॉरवर्ड झाला

१ जानेवारी १९५८, बुधवार. पिंपरी.
वय छत्तीस. (दाखल्यावर त्रेचाळीस. दाखला गुरुजींनी अंदाजाने केलेला.) मुंबईला गिरणीच्या बास्केटबॉल संघात अकरा वर्षं पगारी फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून बास्केट करणारा. गुडघ्याने दगा दिला म्हणून निवृत्त. सध्या इथे कारखान्याच्या स्टोअरमध्ये, वरच्या फळीवरचे खोके काढायला. मला शिडी लागत नाही, म्हणून साहेब खूश.
सव्वीस तारखेला आमच्या कारखान्याची दापोडीच्या संघाशी मॅच आहे. उतरणार म्हणजे उतरणार. कारण कौशल्या. अकरा वर्षं ती गावी माझ्या आईवडिलांचं करत राहिली, मला खेळताना एकदाही पाहिलं नाही. काल शेजारच्या गोजाबाईंना सांगत होती, आमचे हे मुंबईला चेंडूच्या खात्यात होते. चेंडूच्या खात्यात! फार लागलं मनाला. एकदा तिला दाखवायचंच.

२ जाने., पहाटे ५.
धावणं सुरू. बेत: दापोडीला जाऊन परत.

सकाळी ७.
अर्ध्या वाटेवरच्या कासारवाडीपर्यंत. परत टांग्याने. पहिल्याच दिवशी गुडघ्याला ताण नको.

४ जाने.
संघात फॉरवर्ड म्हणून घ्यावे असा अर्ज केला. इंग्रजीत, स्वतः. हेडक्लार्क यशवंतरावांनी मान वर न करता घेतला. नामांकित माणसापुढे लोक बुजतात.

८ जाने.
लिंबाला बिनबुडाची बादली टांगून प्रॅक्टिस. चाळीस चेंडूंत दोन आत. वारा होता. गोजाबाई या गावच्याच, बोलायला फटकळ. म्हणाल्या, खालनं पडतूयाच तर टाकताय कशापायी? उत्तर दिलं नाही. अडाण्यांशी वाद घालू नये. (खरं म्हणजे दम लागला होता.)

११ जाने., शनिवार. महत्त्वाचा दिवस!!
यशवंतराव स्टोअरच्या दारात येऊन म्हणाले, हिंदुराव, तुमचं फॉरवर्ड झालं बरं का! अर्जही दाखवला. वर जांभळा शिक्का, ‘फॉरवर्डेड’, खाली साहेबांची झोकदार सही. नुसता फॉरवर्ड नव्हे, फॉरवर्डेड! म्हणजे पक्का केलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यशवंतराव जरा चमकले. अर्जावर रडणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा.
घरी सांगितलं. कौशल्याने देवापुढे साखर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला निमंत्रण केलं.

१५ जाने.
जुनी जर्सी काढली. धुऊन धुऊन आटली आहे. कौशल्याने दोन्ही बाजू उसवून चार-चार बोटं कापड जोडलं. ती म्हणाली, कापड आटलं ते पोटावरच कसं हो? टिंगल करण्याची तिची सवय जुनी आहे.

१९ जाने., रविवार.
संघाच्या सरावाला गेलो. कॅप्टन लक्ष्मणराव, वय बावीस, मिशी अजून फुटायची आहे. मला म्हणाला, काका, जरा लांब बसा, चेंडू लागेल. हुशार आहे. दापोडीवाल्यांना माझा सुगावा लागू नये म्हणून लपवून ठेवतोय. सोमवारपासून भात बंद.

२० जाने.
भात सुरू. अशक्तपणा येत होता.

२५ जाने., शनिवार.
बोर्डावर संघाची यादी लागली. दहा नावं. माझं नाही. तडक यशवंतरावांकडे. त्यांनी पान बाजूला ठेवून लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. अर्ज फॉरवर्ड झाला म्हणजे वरच्या ऑफिसला पाठवला. तिथून तो मुंबईला फॉरवर्ड झाला. सध्या कुठल्या टेबलावर आहे ते सांगणं कठीण. मी म्हटलं, मग परत तरी मागवा. तर म्हणाले, तसा अर्ज करा, लगेच फॉरवर्ड करतो.
कौशल्याला सांगायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. उद्या आळीतल्या सात बायका येणार. पण निराश व्हायचं कारण नाही. ऐनवेळी कुणाचा तरी पाय मुरगळतोच. जर्सी घालून बाकावर बसायचं.

२६ जाने., रविवार, संध्याकाळ.
कुणाचाही पाय मुरगळला नाही. ही आताची पोरं खातात काय कोण जाणे.
बाकाच्या टोकाला बसलो. लक्ष्मणरावाने हातात टॉवेल दिले. समोर सतरंजीवर कौशल्या आणि सात बायका. मध्यंतरात गोजाबाईंनी लांबून ओरडून विचारलं, अवो, तुमी कवा उठनार? मी हातानेच थांबा म्हटलं. मोठे खेळाडू शेवटी उतरतात. शेवट आला. आम्ही जिंकलो. टॉवेल परत केले.
घरी कौशल्याने चहा ठेवला. मीच म्हटलं, यादीत माझं नाव नव्हतं गं. ती म्हणाली, ठाऊक आहे, काल गोजाबाईंच्या थोरल्याने बोर्ड वाचून सांगितलं. मी विचारलं, मग आलीस कशाला, आणि एवढ्या जणींना घेऊन? तर म्हणाली, तुम्ही जाणार हे माहीत होतं. एकटे बसला असता तिथे.
मी चहा बशीत ओतला. अकरा वर्षं मी तिला पत्रातून काय काय कळवलं होतं. गिरणीत शेवटची पाच वर्षं मी बाकावरच होतो, टॉवेल धरून, हे तेवढं कळवलं नव्हतं. म्हणजे आज तिने पाहिला तो माझाच खेळ.