खांबाची नोकरी

३ फेब्रुवारी
दत्तक लेक आणून महिना झाला. अडीच वर्षांची. हट्ट नाही, रडणं नाही, मागणं नाही. शेजारीण म्हणाली, "किती गुणी! आमच्या कार्ट्याला पाठवू का शिकायला?" मी फुगले. जणू मीच वळण लावलं!

६ फेब्रुवारी
मुलांच्या डॉक्टरबाईंनी तो फुगा फोडला. "बाहुली दिली तर धरून बसते, मागितली तर देऊन टाकते. ही खेळत नाही हो. खेळता खेळताच मूल बोलायला, रागवायला, भरवसा टाकायला शिकतं. रोज तिच्याशी खेळा."
"काय खेळू?"
"ते तिला ठरवू द्या."
झालं! त्यापेक्षा एखादं औषध लिहून दिलं असतं तर!

७ फेब्रुवारी
मी पूल बांधणारी इंजिनीयर. ठोकळ्यांचा पूल रचला — खांब, कमान, सगळं मापात. लेक मांडीवर हात ठेवून बघत बसली, उद्घाटनाच्या पाहुण्यासारखी. मी म्हटलं, "टाळ्या!" तिने वाजवल्या. आज्ञेबरहुकूम.

९ फेब्रुवारी
नवरा जमिनीवर पसरून खोटं खोटं घोरत होता. लेक आपणहून उठली, त्याच्या पोटावर रुमाल पांघरला. आणि मी — "अगं, तो हात पुसायचा आहे!" तिने मुकाट्याने काढला, घडी करून ठेवला.
नवऱ्याने एक डोळा उघडला. "बाईसाहेब, साइटवरून घरी या आता."
जीभ चावली. पण बोलून झाल्यावर चावून काय उपयोग?

१३ फेब्रुवारी
आज काहीच रचलं नाही. नुसती पालथी पडले. (डॉक्टरबाईंचा सल्ला वगैरे काही नाही — कंबर धरली होती.) पाठीवर काहीतरी टेकलं. ठोकळा! मग दुसरा, तिसरा. मी श्वास रोखला. आणि मेली शिंक आली! सगळं कोसळलं. ती भिंतीला चिकटली, डोळे एवढे मोठे. वाटलं, घालवलं मी सगळं. तशीच पडून राहिले. हळूच म्हटलं, "धडाम."
मग बारीकसा आवाज — "परत."

१४ फेब्रुवारी
खांब म्हणून रुजू झाले. हलले की पाठीत चापटी बसते. एवढी कडक तपासणी आमच्या खात्यातही नाही.

१९ फेब्रुवारी
जेवायला उशीर होतो म्हणून ठोकळे उचलले. "नाही! माझं!" — कडाडून चावली! मग भोकाड पसरलं, आणि आजवर मला कशानेच हाक न मारणारी ही पोर रडत रडत ओरडली, "आई! आई!"
माझीच तक्रार, माझ्याकडेच.