दुकानापुढची नाली आणि मंगळवारचा हात

गावाहून, रविवार.

जिवाभावाचा मित्र धम्मरत्न यास गफ्फार टेलरचा सलाम आणि जयभीम. आम्ही सगळे इथं खुशाल आहोत, तुम्ही सगळे नागपूरला खुशाल असाल अशी दुआ करतो (आम्ही खुशाल म्हणजे माझी साखर वाढली आहे, झोप उडाली आहे आणि काल एका गिऱ्हाईकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, बाकी ठीक). वहिनींची कंबर कशी आहे? स्नेहाचे पेपर बरे चालले असतील. आमचा जावई, शाजियाचा नवरा, उद्या नागपूरला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र आणि रहमतबीने केलेली लसणाची चटणी पाठवतो. तू म्हणशील, हातात फोन असून गफ्फारला हे काय सुचलं. तर दुकानात फोनवर बोललं की समोरच्या ओट्यावरचे सगळे गप्प होऊन ऐकतात, आणि व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं माझ्या आधी रिठदच्या बाजारात पोचतं. पत्र अजून तरी कोणी पुढे पाठवत नाही.

तर गोष्ट अशी. तुझी भावजय, म्हणजे रवीची बायको, म्हणजे आमच्या सरपंच पौर्णिमाताई, यांच्यावर अविश्वास ठराव आला आहे. मंगळवारी तहसीलदारसाहेब येणार, हात वर करून मतदान होणार. नऊ मेंबरांपैकी सात हात लागतात. सहा तयार आहेत. पौर्णिमाताई स्वतः आणि तुमच्या भीमनगरातले भिवाजीकाका, हे दोघे काही हात वर करायचे नाहीत. राहिला एक हात. तो सध्या हे पत्र लिहितो आहे. (मी मेंबर झालो तोच मुळी वॉर्डात दुसऱ्या कोणी फॉर्म भरला नाही म्हणून. दुसऱ्या कोणी का भरला नाही, हे आता कळतं आहे.)

माझी तक्रार खरी आहे, हे आधी ऐकून घे. पोळ्याच्या सुमारास माझ्या दुकानापुढे नाली खोदली. होळी आली तरी ती तशीच उघडी. बिल अडकलं आहे म्हणे. गिऱ्हाईक उडी मारून आत येतं आणि माप देताना धापा टाकतं. त्यामुळे छातीचं माप जास्त निघतं, कपडा ढगळ होतो आणि बोलणी मी खातो. लिलाबाई आत्या ब्लाउज न्यायला आल्या त्या थेट नालीतच बसल्या, आणि तिथूनच "माह्यं झालं काय रे गफ्फार?" म्हणून विचारलं. मी सरपंचबाईंना कितीदा सांगितलं, त्या तितक्यांदा "होऊन राह्यलं, भाऊ" म्हणाल्या. मला राग आला. तो राग मी स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना बोलून दाखवला आणि तिथंच माझं नशीब फुटलं, कारण मागच्या बाकावर उपसरपंच पुंजाजीभाऊ बसले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी बैठक. मला गादीवर बसवलं (आजवर मी त्या घरात पडद्यांची मापं घ्यायलाच गेलो होतो). पुंजाजीभाऊ म्हणाले, "हे पाहा, यात जातीपातीचा विषयच नाही. बाई चांगली हाय. आपला विरोध कामाले हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मेंबर कस्तुराबाई, ज्यांच्या मनातलं तोंडात यायला वेळ लागत नाही, म्हणाल्या, "मंग! ते खुर्चीवर बसते अन् आपन तिच्या समोर, बरं दिसते काय?" पुंजाजीभाऊ हळूच म्हणाले, "कस्तुराबाई, नाली म्हना. नाली." आणि अर्जात तसंच लिहिलं, गफ्फार टेलरच्या दुकानापुढील नालीचे काम अपूर्ण. धम्मा, ते सहाही जण गावाच्या वरच्या अंगाला राहतात. एकानेही ती नाली कधी ओलांडलेली नाही, कपडेसुद्धा ते रिसोडला शिवतात. माझी एकुलती एक तक्रार सहा जणांनी घालायला नेली, आणि आता ती माझ्याच अंगाला बसेना झाली आहे.

तू म्हणशील, तुझी तर खरी आहे ना, मग भितोस कशाला? अरे बाबा, खरं असून भागत नाही, लोकांना खरं वाटावं लागतं. गेल्या बुद्धपौर्णिमेला तुझ्या भावजयीने सगळ्या मेंबरांना घरी खिरीला बोलावलं. त्या सहाही जणांना नेमका त्याच आठवड्यात साखरेचा आजार जडला. डॉक्टरनं मना केलं म्हणे. मी गेलो, आणि वाटी पुढे येताच मीही म्हणालो, ताई, मला साखर आहे. आता माझी साखर अस्सल, गोळ्या चालू आहेत, वाशिमच्या डॉक्टरांचा रिपोर्ट आहे. पण भिवाजीकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की, हा सातवा. पुढे पुंजाजीभाऊंच्या पोरीच्या लग्नात त्या सहा रोग्यांनी जिलेबीवर असा ताव मारला की वाढपी दमला. (दोन मलाही खाव्या लागल्या. पुंजाजीभाऊ स्वतः वाढत होते, नाही म्हणायची छाती झाली नाही. समोरच्या पंगतीत भिवाजीकाका होते.)

धम्मा, मला भीती वाटते. थट्टा नाही करत, खरंच वाटते. हात वर केला तर भीमनगरात मी कायमचा त्या सहांतला. खाली ठेवला तर पुंजाजीभाऊ आहेतच. ते वाईट काही बोलत नाहीत रे. फक्त रोज दुकानात येतात आणि विचारतात, "दानिश कुठं राह्यते आजकाल? अकोल्यालेच ना? एकटाच येते-जाते ना? बरं हाय ना त्याचं?" माझ्या पोराची इतकी चौकशी त्याच्या सख्ख्या मामाने केली नाही. आमची घरं गावात बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे अशी चौकशी झाली की रहमतबी दाराची कडी लावून घेते. गैरहजर राहावं म्हटलं, तर ग्रामसेवक म्हणतात, सात हात भरले नाहीत की ठराव पडला, तुम्ही आला नाहीत तरी बाईंना वाचवलं तुम्हीच. म्हणजे पळून जायचीही सोय नाही.

तेव्हा विचार करकरून ठरवलं आहे, हात वर करायचा. नाली ती नाली. माझ्या मनात दुसरं काही नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? वहिनींना सलाम, पोरांना दुआ, आणि मित्राची चूकभूल पोटात घाल.

तुझा,
गफ्फार

ता. क. हे पत्र जपून ठेव. खरं सांगायचं तर त्यासाठीच एवढं लिहिलं. उद्या तुमच्यात कोणी म्हणालं की गफ्फारही त्यातलाच निघाला, तर त्यांना वाचून दाखव. नालीचा भाग मोठ्याने वाच. जिलेबीचा गाळून टाक.

ता. क. २. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितो आहे. तुझी भावजय आत्ता दुकानात येऊन गेली. पदर खोचून, उडी मारून आली, ब्लाउजपीस ठेवला, माप जुनंच म्हणाली. मग म्हणाली, "गफ्फारभाऊ, नालीसाठी हात वर करसान त करा. काम राह्यलं हे खरं हाय. मी तुमाले बोल लावनार नाही." मला वाटलं, सुटलो. तर दारातून वळून विचारलं, "पन पुंजाजीभाऊ सरपंच होते तवा इथं नालीच नव्हती. सांडपानी तुमच्या पायरीवरून वाहे. तवा किती ठराव आनले तुमी?" आणि उडी मारून गेली. उत्तराला थांबलीच नाही.

तेव्हापासून मी आठवतो आहे. रहमतबीला विचारलं, तर ती म्हणाली, "तवा त तुमीच दोन इटा मांडल्या होत्या, लोकाइले पाय ठेवाले." तू त्या वेळी गावातच होतास, रोज माझ्या दुकानात बसायचास. मी पुंजाजीभाऊंना एकदा तरी काही बोललो असेन ना रे? रागाने नाही, हळू आवाजात का होईना? नीट आठव, धम्मा. आणि आठवलं तर मंगळवारच्या आत मला सांग.