तळाच्या संघाची पहिली निवड

प्रिय भाऊजी,

दुबईच्या जुमेरा लेक्स टॉवर्समधल्या तुमच्या ऑफिसात तुम्ही तनिषसाठी नोकरी धरून ठेवलीत, म्हणून लिहायला बसले. सकाळपासून घरात माझ्या नुसत्या येरझाऱ्या चालल्यात.

इथली अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग अजून नवीच आहे. काल तिच्या संघांनी कॉलेजातली मुलं निवडली. सगळ्यांत पहिलं नाव आपल्या तनिषचं पुकारलं. मी आमच्या शारजाच्या बिल्डिंगभर पेढे वाटून आले, तेव्हा तो म्हणाला, "आई, फर्स्ट पिक तळाच्या टीमला देतात. दे लॉस्ट एव्हरी गेम."

"मग दुसरी टीम बघ."

"तसं नसतं. खेळायचं तर त्यांच्याकडूनच."

म्हणजे स्थळ त्यांनी पसंत करायचं, आपण मान खाली घालायची.

"त्यापेक्षा काकांची नोकरी घे," मी म्हटलं.

"आई, दे नीड मी. काकांना कोणीही चालेल."

भाऊजी, हे तुम्हाला कसं कळवू? आणि तो चुकलाय असंही मला म्हणवत नाही. ठरल्याप्रमाणे सोमवारी तुम्ही गाडी घेऊन त्याला कामावर न्यायला याल. तो येणार नाही. त्याच्या जागी कामाला मीच खाली उतरेन; तुम्हाला कोणीही चालेल ना?

तुमची वहिनी,
वैजयंती