लाल वायर आणि कांद्याची गोणी

तीर्थरूप मामंजी,

पत्रास कारण की, तुमची चोरी पकडली गेली. काल रविवारी, भंगारवाल्याच्या टेम्पोसमोर, निम्म्या मांडवगणाच्या साक्षीने! तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, पण ही गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

आधी माझी तक्रार ऐका. मी नऊ वर्षं कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधते. कुठल्या रंगाची वायर कुठे जाते, ते झोपेत विचारा. आणि तुम्ही मला तुमच्या त्या पंचवीस वर्षांच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटजवळ उभं राहू दिलं नाहीत. "सूनबाई, लांब हो, करंट लागंल." बारा व्होल्टची बॅटरी, मामंजी! तिचा कुणाला झटका बसणार होता?

आणि स्वतः काय दिवे लावले होतेत? दिव्याला लाल वायर, हॉर्नला लाल, वायपरला लाल, शिरूरहून आणून बसवलेल्या त्या अलार्मलाही लाल. विचारलं तर म्हणालात, "लाल रंग शुभ असतोय." तुमच्याकडे लाल वायरचं एकच भेंडोळं होतं, हे मला माहीत नव्हतं का?

त्या अलार्मने तर तुमच्या तेराव्याला इज्जतच काढली. सरपंच अंगणात उभे राहून गंभीर आवाजात म्हणाले, "आबांचा आवाज आता पुन्हा कानावर पडायचा न्हाई." तेवढ्यात गाडी किंचाळायला लागली! पाहुणे तोंडात पदर आणि रुमाल कोंबून बसले. शेवटी तुमच्या चिरंजीवांनी बॅटरीची वायर उपटली, तेव्हा सरपंचांना पुढे बोलता आलं.

त्यानंतर वायर पुन्हा जोडली तरी गाडी सुरूच झाली नाही. स्टार्टर फिरायचा, इंजिन काही धरायचं नाही. चोरांसाठी गाडीत एक चोरबटण बसवलंय, एवढं तुम्ही सगळ्या गावाला सांगितलं होतंत. कुठे, ते मात्र एकालाही नाही! शिरूरचे दोन इलेक्ट्रिशियन झाले. तिसरा दौंडहून आला. त्याने टूलबॉक्स डाव्या सीटवर ठेवला, चावी फिरवली आणि गाडी चक्क सुरू झाली. तो खूश. टूलबॉक्स उचलला तशी गाडी बंद. पुन्हा चावी फिरवली, काही नाही. त्याने चावी माझ्या हातात ठेवली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, गाडीत कायतरी हाय."

झालं! आबांचा जीव गाडीत अडकलाय, अशी बातमी चावडीपर्यंत गेली. तुमच्या चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशी गाडीला लिंबू-मिरची बांधली आणि भंगारवाल्याला रविवारी बोलावलं.

मला गाडीचं एवढं नव्हतं. काळजी होती आत्याबाईंची, तुमच्या कारभारणीची. कासुर्डीला त्यांचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलाय, बहिणीची वाट बघतोय. आणि या हट्ट धरून बसलेल्या. एसटी नको, मुलाची मोटारसायकल नको, पुतण्याची मोठी गाडी तर नकोच. "त्यांनी याच गाडीतनं न्हेतो म्हणून शब्द दिलाय. जाईन तर हिच्यातनंच." तुम्ही शब्द देऊन मोकळे झालात! गाडी भंगारात गेली असती, तर बहीण-भावाची भेट कायमची राहिली असती.

म्हणून मी आठवडाभर कंपनीतून आल्या आल्या बॉनेट उघडून बसायची. अलार्मचं दुखणं आधी सापडलं. बॉनेट उघडलं की अलार्मला कळावं म्हणून एक छोटं बटण असतं ना, त्यात काय निघालं सांगू? हळद, कुंकू आणि सात-आठ अक्षता! दर दसऱ्याला आत्याबाई बॉनेट उघडायला लावायच्या. खरं काम आतलं करतंय, तर पूजाही आतल्याचीच, असं त्यांचं म्हणणं. नारळाचं पाणीही आतच. त्याने बटणाला हिरवा गंज चढला होता. हवा दमट झाली की त्या गंजातून करंट जायचा आणि अलार्मला वाटायचं, चोर आला. मी बटण खरवडून साफ केलं. ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. अलार्म गप्प बसला. इंजिन मात्र ढिम्म.

काल टेम्पो दारात आला. ढकलत न्यायचं म्हणून मी स्टिअरिंगवर बसले. तेवढ्यात आत्याबाई आल्या, दार उघडून आपल्या डाव्या सीटवर बसल्या आणि समोरच्या काचेकडे बघून तुमच्यावरच बरसल्या. "कासुर्डीला न्हेतो म्हणलात, आन् सोताच निघून गेलात व्हय? ही तुमची जबान?"

मी उगाच, शेवटची म्हणून चावी फिरवली. गाडी सुरू!

आत्याबाई दचकून उठल्या. गाडी बंद. "बसा, आत्याबाई, बसा!" बसल्या. चावी फिरवली. सुरू! मग मी सीटच्या कव्हरात हात घातला. फोमखाली दारावरच्या बेलचं बटण आणि त्याला लाल वायर. माणूस बसला की इंजिनाला करंट, उठला की बंद.

एकेक गोष्ट उलगडत गेली, मामंजी. एकटे निघालात की डाव्या सीटवर अर्धी गोणी कांदे का, ते कळलं. शिरूरला जाताना कांदे, येताना तेच कांदे. भाव मिळेना म्हणून आबा कांदे हिंडवतात, असं लोक म्हणायचे. आत्याबाईंनी उतरायला दाराला हात लावला की "आधी मला गाडी बंद करू दे" म्हणून का खेकसायचात, तेही कळलं. आणि प्रत्येक गतिरोधकावर गाडीला उचकी का लागायची? पेट्रोलमधे भेसळ हाय म्हणायचात! आत्याबाई सीटवरून उडायच्या, एवढंच होतं ते.

आत्याबाईंनी सीटच्या कव्हरावरून हात फिरवला. मग पदर सावरत म्हणाल्या, "म्हंजी माझ्याबिगर हिचं पान हालत न्हवतं व्हय! चाळीस वर्सांत तोंडानं एक शब्द न्हाई काढला कवा." चोरांसाठी केलंत की त्यांच्यासाठी, खरं तुम्हालाच ठाऊक. मी त्यांना समजावायला गेले नाही. तुम्ही मात्र एकदा तोंडाने सांगायला हवं होतंत. बेलच्या बटणापेक्षा ते सोपं होतं.

टेम्पो रिकामा परत गेला आणि आम्ही दोघी तशाच कासुर्डीला निघालो. भावाने बहिणीचा हात धरला तो दोन तास सोडला नाही. तुमचा शब्द पाळला गेला.

फक्त एक झालं. वाटभर गाडीला उचक्या लागत होत्या. खड्डा नव्हता तिथेसुद्धा. बटण मी परत परत तपासलं, त्यात काही दोष नाही. तुमच्या मागे आत्याबाई निम्म्या झाल्यात, मामंजी. ते बटण त्यांच्या वजनाने आता जेमतेम दबतं.

तर माझा शब्द घ्या. तुमच्या लाल वायरी मी एकूण एक बदलणार आहे, त्यात दयामाया नाही. पण त्या सीटखालच्या बटणाला हात लावणार नाही, आणि स्प्रिंगही मऊ करणार नाही. रोज ताटाशी बसून आत्याबाईंना एक भाकरी जास्त वाढीन, गाडीची उचकी थांबेपर्यंत.

तुमची सून,
शुभांगी
(करंट न लागलेली)